शेवट झालेली कथा पुन्हा उघडावी का? चित्रपटमालिकांचे रीबूट आणि नव्या कथा

तिसरी घंटा (धागाकर्ता)

‘एलियन्स’ (१९८६) ज्यांनी पाहिला आहे त्यांना रिप्ले आणि न्यूट यांच्याविषयी वेगळे सांगायला नको. अख्खी वसाहत नष्ट झालेली असते, त्यातून एकच लहान मुलगी जिवंत सापडते, आणि स्फोट व्हायला जेमतेम काही मिनिटे उरलेली असताना, स्वतः निसटण्याची वाट मोकळी असूनही, रिप्ले त्या मुलीसाठी पुन्हा खाली, परग्रही प्राण्यांच्या राणीच्या वारुळात उतरते. चित्रपटाचा सगळा भार या एका निर्णयावर आहे. पुढे १९९२ मध्ये ‘एलियन ३’ आला. श्रेयनामावली चालू असतानाच यानात आग लागते, यानाचा सुटा भाग एका परक्या ग्रहावर कोसळतो आणि थोड्याच वेळात न्यूट आणि त्यांच्यासोबत वाचलेला सैनिक हिक्स दोघेही गेल्याचे आपल्याला कळते. आधीच्या चित्रपटात ज्या जिवासाठी आपण श्वास रोखून धरला होता, तो जीव पुढच्या कथेला अडचणीचा ठरला म्हणून वाटेतून दूर केला गेला.

२०१९ च्या ‘टर्मिनेटर: डार्क फेट’ने हेच केले. ज्या जॉन कॉनरचा जन्म व्हावा म्हणून १९८४ चा पहिला चित्रपट झगडला आणि ज्याने जगावे म्हणून १९९१ चा दुसरा, तो मुलगा इथे पहिल्याच प्रसंगात गोळ्या घालून मारला जातो. त्यानंतर भविष्यातून आणखी एक यंत्र येते, आणखी एका तरुणीच्या मागे लागते आणि आणखी एक रक्षक तिच्यासाठी उभा राहतो. घटनांचा क्रम तोच राहिला, गेले ते फक्त आधीच्या कथेचे फलित.

मी मुद्दाम या दोन उदाहरणांपासून सुरुवात करतो आहे, कारण रीबूट करावे की नवी कथा सांगावी या वादात ही तिसरी वाट नेहमी नजरेआड राहते, आणि माझ्या मते आज सर्वांत जास्त नुकसान तीच करते आहे. रीबूटमध्ये निर्माता उघडपणे सांगतो की आधीचे सगळे बाजूला ठेवा, आपण पहिल्यापासून सुरुवात करतो आहोत. नव्या कथेत तो सांगतो की आधीचे सगळे खरे आहे आणि त्यापुढे हे घडले. तिसऱ्या वाटेवर मात्र जुन्या चित्रपटाची पुण्याई हवी असते, जुने चेहरे आणि जुने संगीत हवे असते, पण जुन्या कथेचा शेवट तेवढा नको असतो. माझे म्हणणे असे की पहिल्या दोन्ही वाटा आपापल्या जागी रास्त आहेत आणि तिसरी सोडून द्यायला हवी.

या तिसऱ्या वाटेचे सर्वांत मोठे उदाहरण ‘स्टार वॉर्स’चे आहे. १९८३ मध्ये ‘रिटर्न ऑफ द जेडाय’ संपतो तेव्हा सम्राट मेलेला असतो, डेथ स्टार हे त्याचे दुसरे महाशस्त्र नष्ट झालेले असते आणि त्याचा उजवा हात असलेला डार्थ व्हेडर, म्हणजे नायकाचा बाप, शेवटच्या क्षणी मुलाच्या बाजूने उभा राहिलेला असतो. २०१५ मध्ये ‘द फोर्स अवेकन्स’ आला. त्याची मांडणी १९७७ च्या पहिल्या चित्रपटाशेजारी ठेवून पाहावी. वाळवंटी ग्रहावर आईबापांपासून दुरावलेली एक तरुण व्यक्ती, गुप्त माहिती जवळ बाळगून भटकणारा छोटा यंत्रमानव, चित्रविचित्र प्राण्यांनी भरलेला दारूचा पिठा, काळ्या झग्यातला मुखवटाधारी खलनायक, ग्रह उडवून देणारे अवाढव्य शस्त्र आणि त्या शस्त्राच्या एकाच कच्च्या जागेवर लढाऊ यानांचा हल्ला, हे सगळे त्याच क्रमाने नसले तरी तेच आहे. हे जमवण्यासाठी साम्राज्य नव्या नावाने पुन्हा उभे करावे लागले आणि बंडखोरांना पुन्हा मूठभर करावे लागले. म्हणजे १९८३ चा विजय कामाचा नव्हता, असे न बोलता ठरून गेले. २०१९ च्या चित्रपटात तर सम्राटही परत आला, त्यामुळे बापाच्या त्या शेवटच्या कृतीचेही मोल उतरले.

याउलट प्रामाणिक रीबूट काय करू शकते ते ‘कसिनो रोयाल’ने २००६ मध्ये दाखवले. त्याआधीच्या २००२ च्या बाँडपटात अदृश्य होणारी मोटार आणि बर्फाचा महाल इथपर्यंत मजल गेली होती आणि त्या बाँडला काही इजा होईल असे कोणाला वाटेनासे झाले होते. नव्या चित्रपटाची सुरुवात कृष्णधवल आहे. त्यातला पहिला खून एका स्वच्छतागृहात होतो, तो ओबडधोबड, धापा टाकणारा आहे, आणि मारणाऱ्याला तो जड जातो आहे हे दिसते. पुढे हा माणूस जुगारात हरतो, विषबाधेने मरता मरता वाचतो, प्रेमात पडतो आणि फसवला जातो. रीबूट केल्याशिवाय हे शक्यच नव्हते, कारण चाळीस वर्षे अजिंक्य राहिलेल्या माणसाला अचानक नवखा कसा दाखवणार? इथे पुन्हा सुरुवात करण्याला कारण होते.

असे कारण नसले की काय होते हे ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’मध्ये दिसले. सॅम रेमी यांची मालिका २००७ मध्ये थांबली आणि २०१२ मध्ये, म्हणजे अवघ्या पाच वर्षांत, पुन्हा तोच मुलगा, पुन्हा कोळ्याचा दंश आणि पुन्हा काकांचा मृत्यू. नट चांगले होते, पण प्रेक्षक निम्मा चित्रपट पाहताना पुढे काय होणार हे जाणूनच बसलेला होता.

मला वाटते की या मालिकांमध्ये शिळी होते ती उगमकथा. पात्रे मुळीच शिळी होत नाहीत. हे काही दिग्दर्शकांनी ओळखले आहे. २०२२ च्या ‘द बॅटमॅन’मध्ये मॅट रीव्ह्ज यांनी ती अंधारी गल्ली, ते पिस्तूल आणि आईबापांचा खून दाखवलाच नाही. त्याऐवजी महापौराच्या खुनाच्या जागी बॅटमॅन येतो आणि बापाला मुकलेल्या महापौराच्या लहान मुलाकडे क्षणभर पाहत राहतो. एका नजरेत सगळी उगमकथा येऊन जाते. ज्याला ती माहीत आहे त्याला ती आठवते, आणि ज्याला माहीत नाही त्यालाही या माणसाचे काहीतरी असेच हरवले आहे हे उमगते. २०२५ च्या ‘सुपरमॅन’नेही सुरुवातीला पडद्यावर चार ओळी लिहून क्रिप्टन हा त्याचा मूळ ग्रह आणि बालपण हे सगळे मागे टाकले आणि थेट हरलेल्या, बर्फात येऊन आदळलेल्या नायकापासून कथा सुरू केली.

या विषयावर सभासदांनी आपापली मते सविस्तर मांडावीत. ‘सगळे पैशासाठी चालते’ एवढे एकच वाक्य लिहून थांबू नये ही विनंती, कारण ते खरे असले तरी त्यातून एक चित्रपट चांगला का होतो आणि दुसरा का फसतो हे कळत नाही.

मध्यंतर

धाग्याचा विषय आवडला, पण धागाकर्त्यांनी रीबूटला ‘कारण असेल तरच’ अशी जी अट घातली आहे ती मला थोडी कडक वाटते. कारण आहे की नाही हे चित्रपट होण्याआधी कोण ठरवणार?

‘प्लॅनेट ऑफ द एप्स’चे पाहा. १९६८ च्या मूळ चित्रपटाचा शेवट इतका प्रसिद्ध आहे की चित्रपट न पाहिलेल्यांनाही तो ठाऊक असतो. समुद्रकिनाऱ्यावर वाळूत अर्धा गाडला गेलेला स्वातंत्र्यदेवीचा पुतळा दिसतो आणि आपण परक्या ग्रहावर नसून आपल्याच पृथ्वीवर आहोत हे नायकाला कळते. २००१ मध्ये टिम बर्टन यांनी तो नव्याने केला. रंगभूषा अप्रतिम होती, परंतु नव्याने धक्का देण्याच्या नादात त्याचा शेवट असा काही झाला की त्याचा अर्थ काय यावर लोक आजही वाद घालतात. त्यानंतर कोणालाही वाटले असते की ही मालिका आता संपली, हिला पुन्हा हात लावू नये. तरीही २०११ मध्ये तिसऱ्यांदा सुरुवात झाली आणि ती या मालिकेतली सर्वोत्तम त्रयी ठरली असे मी म्हणेन.

ते कसे जमले? त्यांनी शेवटाशी स्पर्धाच केली नाही. वानरांचे राज्य आले कसे, या प्रश्नापासून त्यांनी सुरुवात केली. अल्झायमरवरच्या औषधाची चाचणी, त्यातून हुशार झालेले सीझर नावाचे पिल्लू, माणसाच्या घरात वाढलेले आणि मग वानरांच्या पिंजऱ्यात टाकले गेलेले. सीझर एका छळणाऱ्या रखवालदाराचा हात धरतो आणि आयुष्यातला पहिला शब्द उच्चारतो, ‘नो’. त्या क्षणी पडद्यावरचे सगळे वानर स्तब्ध होतात. जुन्या चित्रपटांशी कथेचा धागा जोडलेला नाही, म्हणून हे रीबूट आहे. आणि तरीही यातली कथा पूर्णपणे नवी आहे. त्यामुळे रीबूट आणि नवी कथा या दोन वाटा आपण समजतो तितक्या वेगळ्या नाहीत, असे मला वाटते.

दुसरे असे की दर पिढीला आपला नायक आपल्या वयाचा हवा असतो. बारा वर्षांच्या मुलाला आधीचे वीस चित्रपट पाहून ये असे सांगता येत नाही.

रुपेरी वाळू

मध्यंतर यांच्या शेवटच्या मुद्द्याला अनुमोदन. मार्व्हलची मालिका २००८ च्या ‘आयर्न मॅन’पासून सुरू झाली आणि २०१९ चा ‘एंडगेम’ हा तिच्यातला बाविसावा चित्रपट होता. तो ज्यांनी सगळे आधी पाहून पाहिला त्यांना जो आनंद मिळाला तो खराच होता, यात वाद नाही. पण त्यानंतर दूरचित्रवाणी मालिकांचीही भर पडली आणि एक चित्रपट समजण्यासाठी आधी काय काय पाहावे याच्या याद्या लोक एकमेकांना देऊ लागले. कथेचा पुढचा भाग सांगत राहणे हेही कधी कधी प्रेक्षकावर ओझे होते, हे धागाकर्त्यांनी लक्षात घ्यावे.

उभा पडदा

पैशाविषयी नुसते एक वाक्य नको असे धागाकर्ते म्हणतात ते पटले, म्हणून सविस्तर लिहितो. रीबूट कधी करायचे हे अनेकदा कथा ठरवत नाही, करार ठरवतो.

कॉमिक्समधल्या पात्रांचे चित्रपटहक्क विकले जातात तेव्हा त्या करारांत साधारणपणे अशी अट असते की ठराविक मुदतीत चित्रपट केला नाही तर हक्क मूळ मालकाकडे परत जातील. स्पायडर-मॅनचे हक्क सोनीकडे अशाच अटीवर होते. २००७ नंतर रेमी यांचा चौथा चित्रपट बारगळला आणि घड्याळ मात्र चालूच होते. २०१२ चा तो घाईचा रीबूट या पार्श्वभूमीवर पाहिला की त्याचे कोडे उलगडते.

याहून ठळक उदाहरण ‘फॅन्टास्टिक फोर’चे आहे. त्यावर १९९४ मध्ये रॉजर कॉर्मन यांच्या देखरेखीखाली एक चित्रपट तयार झाला. तो अगदी तुटपुंज्या खर्चात, हक्कांची मुदत संपण्याआधी घाईने केलेला होता, आणि तो चित्रपटगृहांत कधीच अधिकृतपणे लागला नाही. नटांनी आणि तंत्रज्ञांनी मनापासून काम केले होते, त्यांना तो लागेल अशी आशा होती. पुढे २००५ मध्ये एक, २०१५ मध्ये दुसरा आणि हक्क पुन्हा मार्व्हलच्या घरात आल्यावर २०२५ मध्ये तिसरा प्रारंभ झाला. या शेवटच्या चित्रपटात चौघांना शक्ती मिळून चार वर्षे झालेली आहेत आणि तो सगळा इतिहास एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या रूपाने थोडक्यात उरकला जातो. धागाकर्त्यांचा उगमकथेविषयीचा मुद्दा इथेही लागू पडतो.

आणखी एक बाब येत्या काळात महत्त्वाची ठरणार आहे. अमेरिकेतल्या कायद्यानुसार त्या काळातल्या अशा प्रकाशनांचा स्वामित्वहक्क ९५ वर्षे टिकतो. म्हणून १९२८ मधला मिकी माउस २०२४ च्या सुरुवातीला सर्वांसाठी खुला झाला. सुपरमॅन १९३८ मध्ये प्रथम छापला गेला, त्यामुळे त्याचे ते मूळ रूप २०३४ पासून कोणालाही वापरता येईल. त्यानंतर लगेचच्या वर्षी बॅटमॅनची पाळी येईल. नावांवरचे व्यापारचिन्हाचे हक्क आणि नंतर जोडले गेलेले तपशील कंपन्यांकडेच राहतील, पण ‘हे पात्र आमचेच’ ही मक्तेदारी सैल होईल. तेव्हा रीबूट कोणी करावे हा प्रश्नच बदललेला असेल. माझ्या मते ते चांगलेच होईल, कारण मुदतीच्या धाकाने केलेले चित्रपट कमी होतील आणि ज्याला खरोखर काही सांगायचे आहे त्याला वाट मिळेल.

प्रेक्षकांची जबाबदारीही टाळता येणार नाही. २०१९ चा ‘द लायन किंग’ हा १९९४ च्या चित्रपटाची जवळजवळ दृश्यागणिक पुनरावृत्ती होती. त्यात सिंहाचा चेहरा इतका हुबेहूब केला होता की त्या चेहऱ्यावर भावनाच उमटत नव्हती. तरीही त्याने जगभरात दीडशे कोटी डॉलरपेक्षा जास्त कमाई केली. आपण तिकीट काढतो तोवर कंपनीला आपले म्हणणे ऐकू जाणार नाही.

तिसरी घंटा (धागाकर्ता)

तिघांचेही आभार. उभा पडदा यांनी लिहिलेला कराराचा तपशील मूळ लेखातच यायला हवा होता इतका तो महत्त्वाचा आहे. मुदतीमुळे चित्रपट कधी करायचा हे ठरते हे मान्य. परंतु त्याच सोनीने २०१८ मध्ये ‘इंटू द स्पायडर-व्हर्स’ केला आणि त्याला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले. त्यातही उगमकथा आहे, पण ती माइल्स मोरालेस या वेगळ्या मुलाची आहे. इतर स्पायडर-मॅन एकामागून एक येऊन आपापली उगमकथा भराभर सांगतात, तेव्हा प्रेक्षकाला ती पाठ आहे हे दिग्दर्शकांनी गृहीत धरलेले असते. करार तोच आणि कंपनीही तीच असताना हा फरक पडला, तेव्हा कथाकाराच्या हातात बरेच काही उरते हे नक्की.

मध्यंतर यांचा आक्षेप मला विचार करायला लावणारा वाटला. २०११ चा ‘एप्स’ हा रीबूट असूनही नवी कथा आहे, हे पूर्ण मान्य. मी ‘कारण’ म्हणतो ते हेच. नव्याने सुरुवात करताना जुन्या चित्रपटाने न विचारलेला प्रश्न हाती असला पाहिजे. तो आहे की नाही हे आधी कोणी ठरवू शकत नाही हेही बरोबर आहे, पण पटकथा लिहिणाऱ्याला तरी ते माहीत असायला हवे.

ओझ्याविषयी रुपेरी वाळू यांच्याशी मात्र पूर्ण सहमत नाही. पुढची कथा सांगताना मागचे सगळे पाहिलेले असावे लागते असे नाही. जॉर्ज मिलर यांचा ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’ २०१५ मध्ये आला, आधीच्या चित्रपटानंतर तीस वर्षांनी आणि वेगळ्या नटाला घेऊन. हा आधीचाच मॅक्स आहे की नवा, याचे स्पष्टीकरण कुठेही दिलेले नाही आणि ते हवे आहे असे वाटतही नाही. मॅक्स हा दंतकथेतल्या माणसासारखा वाटेवर भेटतो, कथा खरे तर फ्युरिओसाची आणि तिच्यासोबत पळालेल्या स्त्रियांची आहे, आणि शेवटी तो गर्दीत मिसळून निघून जातो. आधीचा एकही चित्रपट न पाहिलेल्यांना तो तितकाच भिडला. त्याला सहा ऑस्कर मिळाले.

शेवटची रांग

या चर्चेत जपानचा उल्लेख अजून कसा आला नाही याचे आश्चर्य वाटते. पुन्हा पुन्हा सुरुवात कशी करावी याचा सर्वांत जुना आणि माझ्या मते सर्वांत शहाणा वस्तुपाठ गॉडझिलाच्या मालिकेत आहे.

पहिला ‘गॉडझिला’ १९५४ चा, इशिरो होंडा यांचा. त्याच वर्षी मार्च महिन्यात बिकिनी प्रवाळद्वीपावर अमेरिकेने केलेल्या हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची राख जपानच्या एका मासेमारी नौकेवर पडली होती आणि खलाशी आजारी पडले होते. चित्रपटाच्या पहिल्याच प्रसंगात समुद्रात एक बोट प्रखर उजेडात सापडून नष्ट होते. तेव्हाच्या प्रेक्षकाला याचा अर्थ समजावून सांगावा लागला नसेल. पुढे मालिका लांबत गेली, राक्षस मुलांचा लाडका झाला, पृथ्वीचा रक्षक झाला. मग १९८४ मध्ये तोहो कंपनीने मधले सगळे चित्रपट बाजूला ठेवून फक्त १९५४ चा खरा मानला आणि तिथून पुढे कथा सुरू केली. १९९९ ते २००४ या काळातल्या बहुतेक चित्रपटांनी तर एकमेकांनाही विचारात घेतले नाही. प्रत्येकाने आपल्यापुरता १९५४ शी संबंध जोडला.

२०१६ च्या ‘शिन गॉडझिला’ने तोही संबंध तोडला. त्यात राक्षस किनाऱ्यावर येतो तेव्हा आपण अर्धा वेळ बैठकांच्या खोल्यांमध्ये असतो. मंत्री एका सभागृहातून दुसऱ्या सभागृहात जातात, कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली सैन्य पाठवायचे यावर चर्चा होते, पंतप्रधान निवेदन करतात की तो जमिनीवर येणार नाही, आणि तेवढ्यात तो आलेला असतो. २०११ चा भूकंप, त्सुनामी आणि फुकुशिमाची दुर्घटना अनुभवलेल्या देशाने केलेला हा चित्रपट आहे. त्यानंतर २०२३ मध्ये ताकाशी यामाझाकी यांचा ‘गॉडझिला मायनस वन’ आला. तो युद्ध संपतानाच्या आणि त्यानंतरच्या जपानमध्ये घडतो आणि त्याचा नायक आत्मघाती मोहिमेतून मागे फिरलेला वैमानिक आहे. जिवंत राहिल्याची लाज घेऊन जगणाऱ्या माणसासमोर तो राक्षस येतो. हॉलिवूडच्या मानाने अगदी थोडक्या खर्चात केलेल्या या चित्रपटाला दृश्यपरिणामांचे ऑस्कर मिळाले.

दोन चित्रपटांत सात वर्षांचे अंतर आहे, आणि दोन्ही संपूर्ण नव्याने सुरू होतात. धागाकर्त्यांच्या हिशोबाने सात वर्षे कदाचित कमी वाटतील. पण दोघांतली भीती इतकी वेगळी आहे की कोणीही ‘हे पाहिलेले आहे’ असे म्हटले नाही. किती वर्षांनी सुरुवात केली यापेक्षा कशाविषयी केली हे पाहावे, असे मला वाटते.

मध्यंतर

शेवटची रांग यांचा प्रतिसाद फार आवडला. त्यात भर घालतो. जुन्या चित्रपटाची आठवण प्रेक्षकाच्या मनात पक्की आहे, हेच काही रीबूटचे बळ ठरते. २००६ चा ‘डॉन’ आठवून पाहा. १९७८ च्या चित्रपटात डॉन मरतो आणि त्याच्या जागी विजय नावाचा साधा माणूस जातो, हे सर्वांना माहीत होते. फरहान अख्तर यांनी प्रसंगामागून प्रसंग जुन्यासारखे ठेवले आणि प्रेक्षकाला निर्धास्त केले, आणि अगदी शेवटी कळते की आपण ज्याला विजय समजत होतो तो डॉनच होता. जुना चित्रपट न पाहिलेल्यालाही धक्का बसतो, पण ज्याने तो पाहिला आहे त्याची स्वतःची आठवणच त्याला फसवते. नुसत्या नव्या कथेने हे साधले नसते.

रुपेरी वाळू

तिसऱ्या वाटेविषयी एक अपवाद मला नोंदवावासा वाटतो. जुना नट, जुने संगीत आणि जुन्या कथेची पुण्याई घेऊनही २०१५ चा ‘क्रीड’ उत्तम झाला. ‘रॉकी’ मालिकेतला मुष्टियोद्धा अपोलो क्रीड याचा मुलगा, बापाचा जुना प्रतिस्पर्धी आणि मित्र असलेल्या रॉकीच्या दारात येतो. रॉकी आता म्हातारा आहे, बायको गेली, मित्र गेला, आणि पुढे त्याला कर्करोगाचे निदान होते. दिग्दर्शक रायन कूगलर यांनी १९७६ च्या पहिल्या ‘रॉकी’चा शेवटही लक्षात ठेवला आहे. तेव्हा रॉकी पंचांच्या निकालात हरला होता पण शेवटपर्यंत उभा राहिला होता, आणि इथे हा मुलगाही तसाच निकालात हरतो. जुने काहीही पुसलेले नाही. वय वाढले आहे, माणसे गेली आहेत आणि त्याचे दुःख कथेत आहे.

उभा पडदा

‘क्रीड’विषयी सहमत. याच्या अगदी विरुद्ध टोक म्हणजे ‘स्टार वॉर्स’च्याच जगातला २०१६ चा ‘रोग वन’. त्यात १९७७ च्या चित्रपटात काम केलेल्या आणि १९९४ मध्ये निधन झालेल्या पीटर कुशिंग यांचा चेहरा संगणकाने उभा करून दुसऱ्या नटाच्या चेहऱ्यावर चढवला गेला. त्यांच्या वारसांची परवानगी घेतलेली होती. पण तो चित्रपट मुख्यतः नव्या माणसांचा, नव्या कथेचा होता आणि चांगला होता. त्याला त्या चेहऱ्याची गरज नव्हती. भूमिकेसाठी वेगळा नट घेणे अधिक सन्मानाचे ठरले असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

शेवटची रांग

धागाकर्त्यांना एक प्रश्न विचारतो. ‘नो टाइम टू डाय’ (२०२१) मध्ये बाँड मरतो. क्षेपणास्त्रे येताना आपण पाहतो, त्यामुळे तो कसाबसा वाचला असेल असे म्हणायला जागाच ठेवलेली नाही. आणि श्रेयनामावलीच्या शेवटी ‘जेम्स बाँड परत येईल’ ही ओळ नेहमीप्रमाणे आहेच. २०२५ मध्ये मालिकेची सर्जनशील सूत्रे ॲमेझॉनकडे गेली आणि पुढच्या चित्रपटाचे दिग्दर्शन डेनी विल्नव करणार हेही जाहीर झाले. म्हणजे रीबूट अटळ आहे. ते तुमच्या कसोटीवर कसे उतरावे?

तिसरी घंटा (धागाकर्ता)

प्रश्न नेमका आहे आणि उत्तर देताना मला या मालिकेचीच जुनी रीत आठवते. १९६९ च्या चित्रपटात बाँडचे लग्न होते आणि त्याच दिवशी त्याच्या बायकोचा, ट्रेसीचा, खून होतो. त्यात बाँडची भूमिका करणारे जॉर्ज लॅझेनबी पुन्हा बाँड झाले नाहीत. पण १९८१ च्या ‘फॉर युअर आइज ओन्ली’ची सुरुवात पाहा. रॉजर मूर हातात फुले घेऊन एका कबरीपाशी उभे आहेत आणि शिळेवर ट्रेसीचे नाव आणि १९६९ हे वर्ष कोरलेले आहे. नट बदलला, मालिकेचा बाजही पुष्कळ बदलला, तरी झालेले दुःख नाकारले गेले नाही. कोणी रीबूट केले नाही आणि कोणाला ते खटकलेही नाही.

‘कसिनो रोयाल’पासून ‘नो टाइम टू डाय’पर्यंत बाँड झालेल्या डॅनियल क्रेग यांच्या पाच चित्रपटांनी ही सैल वीण घट्ट केली. सुरुवात दाखवली, शेवट दाखवला, मधले धागे एकमेकांत गुंतवले. २०१५ मध्ये तर ब्लोफेल्ड हा मालिकेतला जुना खलनायक बाँडच्या बालपणातला मानलेला भाऊ ठरला, आणि मला ती या मालिकेतली सर्वांत दुबळी कल्पना वाटते, कारण जगावर संकट आणणारा माणूस घरातलाच निघाला की जग लहान होते. आता मृत्यू दाखवलाच आहे तर तो खरा मानावा आणि क्रेग यांचा बाँड तिथेच संपला असे समजावे. तो वाचला होता, त्याचे प्रतिरूप होते किंवा ‘००७’ हे नुसते पदाचे नाव आहे असली पळवाट काढून तो परत आणू नये.

नवा बाँड पूर्णपणे नवा असावा, परंतु त्याला परवाना कसा मिळाला हे पुन्हा दाखवू नये. ते २००६ मध्ये एकदा उत्तम दाखवून झाले आहे. पहिल्या दृश्यात तो आधीपासून कामावर असावा, एखादी मोहीम अर्ध्यावर आलेली असावी, आणि आजच्या हेराला ज्याची भीती वाटावी असे काहीतरी समोर असावे, कारण हस्तक, पारपत्र आणि खोटे नाव यांवर चालणारी हेरगिरी चेहरा ओळखणाऱ्या कॅमेऱ्यांच्या जगात कशी करायची हा प्रश्न मालिका सुरू झाली त्या १९६२ लाही नव्हता आणि २००६ लाही या रूपात नव्हता. त्याने कोणाला गमावायचे असेल तर त्याच चित्रपटात, नव्या नावाच्या माणसाला गमवावे. ट्रेसी आणि ‘कसिनो रोयाल’मधली त्याची प्रेयसी वेस्पर यांना त्यांच्या त्यांच्या चित्रपटांत राहू द्यावे.